पिंजऱ्यात अडकलेला कार्बन

क्वार्ट्झच्या नळीत झेडएसएम-५ हा झिओलाइट, म्हणजे रेणूंच्या मापाची छिद्रं असलेला स्फटिकी उत्प्रेरक, भरून वरून मिथेनॉलची वाफ सोडली की काही तासांनी नळीकडे नुसतं बघूनही बरंच कळतं. वरचा थर काळा पडलेला असतो, त्याचं काम संपलेलं असतं. त्याच्याखाली एक अरुंद, गडद पट्टा असतो आणि त्या क्षणी खरी रसायनक्रिया तिथेच चाललेली असते. त्याखालचा थर फिकट, निळसर राखाडी. त्याची पाळी अजून यायची असते. हा पट्टा हळूहळू खाली सरकतो आणि त्याच्याबरोबर थर्मोकपलवर दिसणारा तापमानाचा उंचवटाही सरकतो, कारण क्रिया भरपूर उष्णता देते. पट्टा तळाला पोहोचला की जीसीवर (बाहेर आलेल्या मिश्रणातले घटक वेगळे दाखवणाऱ्या गॅस क्रोमॅटोग्राफवर) अचानक न बदललेल्या मिथेनॉलचं आणि त्यापासून सहज होणाऱ्या डायमिथाइल ईथरचं शिखर उगवतं. उत्प्रेरक संपला. स्टीलच्या नळीत यातलं काहीच दिसत नाही, म्हणून जमेल तिथे मी क्वार्ट्झच वापरते.

त्या काळ्या थराबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं. मिथेनॉलपासून इथिलीन आणि प्रोपिलीन हे छोटे ओलेफिन (दुहेरी बंध असलेले हायड्रोकार्बन) बनवायचे आणि तेही टिकाऊ पद्धतीने, असं आपण म्हणतो तेव्हा बहुतेक बोलणं मिथेनॉल कुठून आलं यावर होतं. ते महत्त्वाचं आहेच, मीही पुढे त्याकडे येणार आहे. पण सगळ्या गोष्टीचा निकाल लागतो तो झिओलाइटच्या आत, एका नॅनोमीटरच्या जागेत कार्बनचं काय होतं यावर.

आधी हिशेब. मिथेनॉलच्या रेणूतून पाणी काढून टाकलं की उरतो एक कार्बन आणि दोन हायड्रोजन, म्हणजे ओलेफिनचा तुकडा. ३२ ग्रॅम मिथेनॉलमागे हा तुकडा भरतो १४ ग्रॅम, उरलेले १८ ग्रॅम पाणी. म्हणजे रिअॅक्टरमध्ये जे जातं त्यातलं ५६ टक्के वजन पाणी होऊन बाहेर पडतं, आणि यात कुणाचीच चूक नाही, समीकरणच तसं आहे. एकही कार्बन वाया गेला नाही तरी एक टन ओलेफिनला जवळपास २.३ टन मिथेनॉल लागतं. प्रत्यक्षात पहिल्या मोठ्या कारखान्यांत हा आकडा ३ टनांच्या आसपास होता. मधला जो फरक आहे, तो कमी करणं हेच आमचं काम.

इथिलीन आणि प्रोपिलीन आज मुख्यतः नाफ्था (कच्च्या तेलातला हलका भाग) किंवा इथेन ८०० ते ८५० अंशांना वाफेबरोबर तोडून मिळवतात. जगातल्या सर्वांत ऊर्जाखाऊ रासायनिक प्रक्रियांपैकी ही एक. पॉलिथिन, पॉलिप्रोपिलीन, सिरिंज, दोरखंड, अँटीफ्रीझ, डिटर्जंट, सगळ्यांची सुरुवात या दोन छोट्या रेणूंपासून होते. मिथेनॉलचा रस्ता ४०० ते ५०० अंशांत जातो आणि मिथेनॉल कशापासूनही बनवता येतं: नैसर्गिक वायू, कोळसा, शेतीतला काडीकचरा, बायोगॅस, किंवा कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजन. ताकद इथेच आहे आणि धोकाही इथेच, कारण "कशापासूनही" या शब्दात कोळसा पहिला येतो.

या रस्त्याचा शोध लागला तेव्हा ओलेफिन कुणाला हवे नव्हते. मोबिल कंपनीत १९६० च्या दशकात झेडएसएम-५ हा नवा झिओलाइट तयार झाला होता. त्यावर मिथेनॉल टाकलं तर पेट्रोलसारखं मिश्रण मिळतं, हे क्लॅरेन्स चँग आणि अँथनी सिल्वेस्ट्री यांनी १९७७ साली प्रसिद्ध केलं. १९७३ च्या तेलसंकटाची झळ ताजी होती, त्यामुळे पेट्रोल मिळणं हीच बातमी. न्यूझीलंडने मोटुनुई इथे आपल्या नैसर्गिक वायूपासून रोज साधारण १४,५०० बॅरल पेट्रोल बनवणारा कारखाना १९८५ साली सुरू केला. इथिलीन आणि प्रोपिलीन त्या प्रवासातली मधली स्थानकं होती. त्या स्थानकावरच गाडी थांबवायची असेल तर मोठे रेणू बाहेर येऊच न देणारा उत्प्रेरक हवा. तो मिळाला युनियन कार्बाइडच्या प्रयोगशाळेत १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला: सिलिकॉन, अॅल्युमिनियम आणि फॉस्फरस यांचा बनलेला सापो-३४.

सापो-३४ ची रचना मला अजूनही विलक्षण वाटते. आत पिंजरे आहेत, लांबी साधारण १० अँगस्ट्रॉम (म्हणजे एक नॅनोमीटर), रुंदी ७ च्या आसपास. एका पिंजऱ्यातून दुसऱ्यात जायला खिडक्या आहेत, पण त्या जेमतेम ३.८ अँगस्ट्रॉमच्या. इथिलीन आरामात निसटतं, प्रोपिलीन थोडं अंग चोरून जातं, सरळ साखळीचं ब्यूटीन कसंबसं. बेंझीनला मात्र आत भरपूर जागा असूनही बाहेर पडता येत नाही. तुलनेत झेडएसएम-५ मध्ये पिंजरे नाहीत, एकमेकांना छेदणारे बोगदे आहेत, सुमारे ५.५ अँगस्ट्रॉमचे. त्यातून बेंझीन, टोल्यूइन, पॅराझायलीन बाहेर येतात. एकाच मिथेनॉलपासून एकीकडे पेट्रोल आणि दुसरीकडे ओलेफिन का मिळतं, याचं अर्धंअधिक उत्तर खिडकीच्या मापात आहे.

उरलेलं उत्तर आम्लात. झिओलाइटच्या सिलिका जाळीत मध्येच अॅल्युमिनियम बसला की तिथे ऋण भार तयार होतो आणि तो फेडायला एक प्रोटॉन येऊन बसतो. हे आम्लस्थान. सापो-३४ मध्ये हेच काम फॉस्फरसच्या जागी बसलेला सिलिकॉन करतो. आम्ल जोरदार आणि दाट असेल तर क्रिया वेगाने होते आणि उत्प्रेरक तितक्याच वेगाने मरतो. एसएसझेड-१३ या दुसऱ्या झिओलाइटची जाळी सापो-३४ सारखीच आहे, पण आम्ल अधिक तीव्र, आणि त्याच परिस्थितीत तो सहसा लवकर काळा पडतो.

आता मूळ प्रश्न. मिथेनॉलमध्ये कार्बन एकच. दोन मिथेनॉल एकत्र येऊन कार्बन-कार्बन बंध कसा जुळतो? वीसहून अधिक वेगवेगळ्या यंत्रणा सुचवल्या गेल्या आणि अगदी पहिल्या बंधाबद्दल अजून वाद चालू आहेत. प्रयोगात एक गोष्ट मात्र स्पष्ट दिसते. कोरा करकरीत उत्प्रेरक सुरुवातीला जवळजवळ ढिम्म असतो. डायमिथाइल ईथर आणि पाणी, बाकी फारसं काही नाही. मग एकदम वेग येतो. तेवढ्या वेळात आत काहीतरी साठलेलं असतं.

ते "काहीतरी" म्हणजे काय, याची दिशा १९९० च्या दशकात ओस्लोहून मिळाली. इवार दाल आणि स्टाइन कोल्बो यांनी सापो-३४ वर जड कार्बनचं (कार्बन-१३, जो नंतर वेगळा ओळखता येतो) मिथेनॉल आणि साधं इथेनॉल एकत्र सोडलं. इथेनॉलपासून लगेच इथिलीन होतं. ओलेफिनला एकेक कार्बन जोडत साखळी वाढत असेल, तर प्रोपिलीनमध्ये इथिलीनचे दोन साधे कार्बन आणि मिथेनॉलचा एक जड कार्बन दिसायला हवा. तसं झालं नाही. बहुतेक प्रोपिलीन सगळंच्या सगळं मिथेनॉलच्या कार्बनचं निघालं. म्हणजे पिंजऱ्यात हायड्रोकार्बनचा एक साठा आहे, मिथेनॉल त्याला येऊन चिकटतं आणि तो साठा छोटे ओलेफिन सोडत राहतो. पुढे अनेक प्रयोगशाळांनी दाखवलं की सापो-३४ मध्ये हा साठा प्रामुख्याने मिथाइल गट लागलेल्या बेंझीनचा असतो. झेडएसएम-५ मध्ये दोन चक्रं एकाच वेळी फिरतात. सुगंधी, म्हणजे बेंझीनसारख्या, वलयांचं चक्र इथिलीन देतं, ओलेफिनांचं चक्र प्रोपिलीन आणि त्याहून मोठे रेणू देतं. प्रोपिलीन जास्त हवं असेल तर सिलिकॉन-अॅल्युमिनियमचं प्रमाण खूप वाढवून वलयांचं चक्र मंद करतात. लुर्गी या जर्मन कंपनीची प्रोपिलीन प्रक्रिया अशाच झेडएसएम-५ वर चालते.

हा साठा डोळ्यांनी बघण्याची एक जुनी पद्धत आहे आणि ती शिकले तेव्हापासून या विषयाकडे माझं बघणंच बदललं. वापरलेला काळा सापो-३४ हायड्रोफ्लोरिक आम्लात विरघळवायचा. जाडजूड हातमोजे, फेसशील्ड, शेजारी कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल, आणि काचेचं एकही भांडं नाही, सगळं प्लास्टिकचं. झिओलाइटची जाळी विरघळून नाहीशी होते आणि पिंजऱ्यात कोंडलेले रेणू मोकळे होतात. आम्ल नीट निष्प्रभ केल्यावर त्यात डायक्लोरोमिथेन घालून हलवायचं. थोड्या वेळाने दोन थर होतात आणि खालचा थर रंगीत असतो. कमी वेळ वापरलेल्या नमुन्याचा फिकट पिवळा, जास्त वेळ वापरलेल्याचा गडद तपकिरी. जीसी-एमएसला (रेणू वेगळे करून ओळखणाऱ्या यंत्राला) तो टोचला की रिअॅक्टरमधला इतिहास क्रमाने समोर येतो: आधी टेट्रामिथाइल, पेंटामिथाइल, हेक्सामिथाइल बेंझीन, मग मिथाइल नॅप्थलीन, मग फेनँथ्रीन, शेवटी पायरीन. चार वलयांचा पायरीन पिंजऱ्यात गच्च बसतो. तो काही काम करत नाही, कुठे जातही नाही, आणि शेजारच्या पिंजऱ्यांची वाट अडवतो.

म्हणजे उत्प्रेरकात साठणाऱ्या या काळ्या कार्बनला आपण कोक असं एकगठ्ठा नाव देतो, पण त्यात कामकरी आणि अडवणारे दोन्ही आहेत, आणि कामकऱ्यांचाच पुढे अडवणारा होतो. बेंझीनला एक वलय जोडलं की नॅप्थलीन. हे अजून काम करतं, वेग कमी पण इथिलीनकडे ओढा जास्त. आणखी वलयं जोडली की खेळ खलास.

आमच्याकडे नव्याने आलेल्या मुलीने एकदा भट्टीजवळ उभं राहून विचारलं, "ताई, हा कोक सगळा जाळायचा की थोडा ठेवायचा?" फार चांगला प्रश्न. प्रयोगशाळेत आपण सवयीने हवेत ५५० अंशांना पावडर पांढरी होईपर्यंत जाळतो. पण पूर्ण पांढरा उत्प्रेरक म्हणजे पुन्हा पहिल्यापासून सुरुवात, पुन्हा तोच ढिम्म काळ. शिवाय कोऱ्या सापो-३४ वर सुरुवातीला प्रोपेन जास्त निघतो, कारण वलयं तयार होताना त्यांनी सोडलेला हायड्रोजन प्रोपिलीनच्या माथी बसतो. तिला मी थोडा ठेवून बघायला सांगितलं, थर्मोग्रॅव्हिमेट्रीवर वजन मोजत मोजत. इथिलीनचा वाटा वाढलेला तिला स्वतःच्या क्रोमॅटोग्राममध्ये दिसला, तेव्हाचा तिचा चेहरा बघण्यासारखा होता.

कारखान्यात हीच गोष्ट फार मोठ्या प्रमाणावर करतात. सापो-३४ मिनिटा-तासांत दमतो, त्यामुळे तो एका जागी भरून ठेवणं परवडत नाही. त्याचे बंधक (कण घट्ट धरून ठेवणारा पदार्थ) मिसळलेले, मायक्रॉनमध्ये मोजायचे गोल कण करतात आणि ते द्रवासारखे वाहते ठेवतात: एका भांड्यात मिथेनॉलवर काम, दुसऱ्यात कोक जाळणं, मध्ये सतत येजा. अमेरिकेची यूओपी आणि नॉर्वेची नॉर्स्क हायड्रो या कंपन्यांनी १९९० च्या दशकात अशी प्रक्रिया प्रात्यक्षिक पातळीवर चालवून दाखवली. मोठ्या प्रमाणावर पहिल्यांदा ती उभी राहिली चीनमध्ये. दालियन इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल फिजिक्समध्ये लियू झोंगमिन यांच्या गटाने विकसित केलेली डीएमटीओ ही मिथेनॉलपासून ओलेफिन बनवायची प्रक्रिया २०१० साली बाओतोऊ इथे सुरू झाली. वर्षाला १८ लाख टन मिथेनॉल आत, ६ लाख टन ओलेफिन बाहेर. पुढच्या पिढीत चार आणि त्याहून जास्त कार्बनचे रेणू परत तोडून वापरले, तेव्हा टनामागे लागणारं मिथेनॉल २.७ टनांच्या आसपास आलं. कण किती वेळ आत राहतात, त्यांच्यावर कोक किती आहे, हे सांभाळून इथिलीन-प्रोपिलीनचं प्रमाण बदलता येतं.

अभियांत्रिकी म्हणून मी याच्यापुढे हात जोडते. पण बाओतोऊचं मिथेनॉल कोळशाचं आहे. कोळशापासून ओलेफिनच्या मार्गावर टनामागे साधारण १० टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, नाफ्था तोडण्यापेक्षा कितीतरी पट जास्त, आणि पाणीही प्रचंड लागतं. उत्प्रेरक तोच, निवडकता (किती कार्बन हव्या त्या रेणूंत जातो ते प्रमाण) तीच, पण याला टिकाऊ म्हणता येणार नाही. शोधनिबंधाच्या पहिल्या परिच्छेदात "हरित" शब्द टाकून खाली कुठल्याच आकड्यात मिथेनॉलचा उगम न सांगणं मला पटत नाही.

दुसऱ्या टोकाला आइसलँडचा जॉर्ज ओला कारखाना आहे. भूऔष्णिक केंद्रातून निघणारा कार्बन डायऑक्साइड आणि विजेने पाण्यातून काढलेला हायड्रोजन यांच्यापासून २०१२ पासून तिथे मिथेनॉल बनवलं गेलं, वर्षाला ४,००० टनांची क्षमता. ज्यांचं नाव त्याला दिलं ते ओला १९९४ चे नोबेल विजेते आणि मिथेनॉलवर चालणाऱ्या अर्थव्यवस्थेचे खंदे पुरस्कर्ते. रसायनशास्त्र इथे स्वच्छ आहे. मात्र हायड्रोजनचा हिशेब कागदावर मांडला की डोळे उघडतात.

कार्बन डायऑक्साइडच्या एका रेणूला मिथेनॉल व्हायला हायड्रोजनचे तीन रेणू लागतात, म्हणजे सहा अणू. त्यातले दोन पहिल्याच पायरीत पाणी होतात. मग झिओलाइटवर आणखी दोन पाणी होतात. ओलेफिनमध्ये उरतात दोन. इतक्या महागड्या विजेने पाण्यातून काढलेल्या हायड्रोजनपैकी दोन तृतीयांश पुन्हा पाणीच होतो! एक टन ओलेफिनला, काहीच वाया न जाता, सुमारे ४३० किलो हायड्रोजन लागतो आणि ३.१ टन कार्बन डायऑक्साइड. किलोला ५० युनिट वीज धरली तर नुसत्या हायड्रोजनसाठी २१,५०० युनिट. कार्बनच्या हिशेबात इथिलीन-प्रोपिलीनची निवडकता ८० टक्के असेल तर हाच आकडा २७,००० च्या जवळ जातो.

माझ्या कामाचा खरा अर्थ मला या आकड्यात सापडतो. निवडकता ८० वरून ८१ टक्क्यांवर नेली तर टनामागे साधारण ३३० युनिट वीज वाचते. कोळसा स्वस्त होता तेव्हा एका टक्क्याला फारशी किंमत नव्हती. कार्बन डायऑक्साइड आणि वाऱ्याच्या विजेपासून आलेल्या मिथेनॉलमध्ये प्रत्येक कार्बनमागे कुणीतरी टर्बाइन फिरवलेलं असतं, तो कार्बन पायरीन होऊन पिंजऱ्यात बसला आणि मग हवेत जाळून परत कार्बन डायऑक्साइड झाला, तर सगळा खटाटोप फुकट गेला.

दालियनच्याच गटाने २०२१ साली मांडलेली एक कल्पना मला म्हणूनच मोलाची वाटते. काळा पडलेला सापो-३४ हवेत न जाळता वाफेत तापवायचा. वाफ मोठ्या वलयांना कुरतडते, त्यांतून नॅप्थलीनसारखे कामकरी परत मिळतात, आणि जो कार्बन निघतो तो बराचसा कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन म्हणून निघतो. हा वायू परत मिथेनॉल बनवायला पाठवता येतो. उत्प्रेरक परततो तोच कामाला सज्ज असलेल्या अवस्थेत. सापो-३४ उष्ण वाफ चांगली सोसतो म्हणून हे शक्य होतं. झेडएसएम-५ मध्ये तीच वाफ अॅल्युमिनियमला जाळीतून बाहेर काढते आणि ते नुकसान भरून येत नाही.

गंमत म्हणजे उष्ण वाफेला पुरून उरणारा हाच सापो-३४ खोलीच्या तापमानाला, दमट हवेत, उघड्या बाटलीत हळूहळू मोडतो. आतला सेंद्रिय साचा (ज्या रेणूंभोवती स्फटिक वाढवतात ते) जाळून टाकला की जाळी दमटपणाला उघडी पडते. म्हणून आम्ही साच्यासकट साठवतो आणि वापरायच्या आधीच भाजतो. हे साचेही विसरायचे विषय नाहीत. टेट्राइथाइलअमोनियम हायड्रॉक्साइड महाग आहे आणि शेवटी तो भट्टीत जळूनच जातो. मॉर्फोलीन, ट्राइइथाइलअमीन स्वस्त, पण स्फटिक मोठे येतात. स्फटिक मोठा असेल तर कोक बाहेरच्या कडेला साठतो आणि गाभा न वापरताच फुकट जातो. काहीशे नॅनोमीटरचे किंवा आत मुद्दाम रुंद वाटा पाडलेले स्फटिक म्हणूनच जास्त टिकतात. मात्र इतके बारीक स्फटिक गाळणं आणि धुणं याला किती पाणी लागतं, हे कुणी लिहीत नाही.

मिथेनॉल वेगळं न काढता थेट ओलेफिनपर्यंत जाण्याचे प्रयत्नही जोरात आहेत. बाओ शिनहे आणि पान शिउलियान यांच्या गटाने २०१६ मध्ये झिंक-क्रोमियम ऑक्साइड आणि सापो एकत्र ठेवून कार्बन मोनॉक्साइड-हायड्रोजनच्या मिश्रणातून हायड्रोकार्बनमध्ये ८० टक्के हलके ओलेफिन मिळवले. याच मिश्रणातून हायड्रोकार्बन बनवायच्या जुन्या फिशर-ट्रॉप्श पद्धतीत दोन ते चार कार्बनच्या सगळ्या हायड्रोकार्बनांना ५८ टक्क्यांचीच मर्यादा पडते. त्यावर स्वतंत्रपणे लिहीन, कारण तिथे हायड्रोजनच्या दाबाखाली कोकचं वागणं वेगळं असतं.

एक तक्रार करून थांबते. नव्या झिओलाइटचं आयुष्य दाखवणारे बहुतेक आलेख १०० टक्के रूपांतरावर, म्हणजे सगळं मिथेनॉल बदलत असताना, काढलेले असतात. नळीत गरजेपेक्षा जास्त उत्प्रेरक भरला की वरचा अर्धा थर मेला तरी खालचा सगळं सांभाळून नेतो आणि आलेख तासन्‌तास सपाट दिसतो. ती सपाट रेघ उत्प्रेरकाचं आयुष्य दाखवत नाही, नळीत किती माल भरला होता ते दाखवते. मला वाचायला हवं आहे ते असं: रूपांतर १०० पेक्षा कमी असताना एका ग्रॅम उत्प्रेरकाने एकूण किती ग्रॅम मिथेनॉल पचवलं, कोकसकट कार्बनचा जमाखर्च किती टक्के जुळला, कोक काढल्यावर दहाव्या फेरीत काय मिळालं, आणि ते मिथेनॉल प्रत्यक्षात कुठून येईल असं लिहिणाऱ्याने गृहीत धरलं आहे. आमच्या पुढच्या निबंधात हे चारही आकडे मुख्य तक्त्यात असतील. पुरवणी फाइलमध्ये ढकलायचे नाहीत, एवढं आम्ही आपसात ठरवलं आहे.